हिप्परगेकर सरांची उंच गाडी

पंधरा फेब्रुवारी, रविवार. गाडीची चेन धुवायची, इंजिनचं तेल बदलायचं, बॅटरी चार्जिंगला लावायची, मागच्या चाकाचे नट तपासायचे. गाडी माझी नाही, हिप्परगेकर सरांची आहे. सर दिवाळीनंतर गेले. खुर्चीत बसून चहा पिताना हृदय बंद पडलं. गाडीचा त्यांच्या मरणाशी काही संबंध नाही हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांना अजून तसंच वाटतं.

उद्या सकाळी दहाला उदगीरहून त्यांचा पुतण्या येणार आणि गाडी घेऊन जाणार. वय अडतीस, खताचं दुकान, दोन मुलं. त्याने फोनवर सुमनवहिनींना सांगितलंय, "काकू, काकांनी काढून ठेवलेलं उंचीचं सामानबी बांधून ठेवा. गाडी उंच असली की भारी दिसती." पुतण्या सरांपेक्षा फार तर अर्धा इंच उंच. घराणंच तसं आहे. वहिनी पार्किंगमध्ये येऊन मला म्हणाल्या, "मीना, ते सामान द्यायचं का न्हाई ते तूच ठरीव. मला काय कळतंय त्यातलं." त्यांना त्यातलं सगळं कळतं. त्या उंचीपायी त्यांचं उजवं मनगट मोडलेलं आहे. थंडीत अजून दुखतं.

तेव्हा चेन रॉकेलमध्ये बुडवली आणि विचार करत बसले.

काचीगुड्यातल्या आमच्या तीन मजली इमारतीत सर तळमजल्यावर आणि मी पहिल्या मजल्यावर. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, तरी सगळे सर म्हणत म्हणून मीही म्हणे. मराठी शाळेत त्यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. उंची पाच फूट दोन इंच, तीही बुटांसकट. छाती मात्र सहा फुटी माणसाची काढून चालत. स्वतः फारसे कुठे गेलेले नव्हते. उदगीर, नांदेड, एकदा तिरुपती. पण बोलायला लागले की सहारा आणि सैबेरिया त्यांच्या परसात असल्यासारखे बोलत.

पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी ही गाडी नवी घेतली. कच्च्या आणि पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालावी म्हणून काढलेली, उंच मडगार्डची, बारीक अंगाची गाडी. फार खपली नाही आणि कंपनीने ती काही वर्षांत बंद केली. पण गाडी चांगली होती. हलकी, साधी, तक्रार न करणारी. वेळेवर तेल बदला, एअर फिल्टर झटका, चेन स्वच्छ ठेवा, बास. सरांना नेमकं हेच सहन होत नसे. स्वच्छ करणं हे बायकांचं आणि वॉचमनचं काम, आणि सुधारणा करणं हे पुरुषाचं, अशी त्यांची समजूत होती. सुधारणा हा त्यांचाच शब्द. दर रविवारी पार्किंगमध्ये जुना तपकिरी कोट घालून, लाकडी स्टुलावर बसून ते सुधारणा करत.

"कंपनी घाबरट असते, जोशीबाई," ते मला सांगत. "कंपनी भित्र्यांसाठी गाडी बनवते. उरलेली गाडी आपण बनवायची."

असली वाक्यं ते फळ्यावर लिहिल्यासारखी म्हणत, आणि म्हणून झाल्यावर समोरच्याने ती उतरवून घेतली की नाही ते बघत.

मी बालानगरला एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. आलेला सुटा भाग मोजायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं, एवढंच तेवीस वर्षं केलं आहे. माझ्यासमोर कुणी "हाताला कळतं" म्हणालं की माझं डोकं फिरतं. सर दिवसातून चार वेळा म्हणत. माझा नट आवळायचा मापाचा पाना त्यांनी मागून नेला आणि वर्षभर स्टुलाखाली ठेवला. मी परत मागितला तेव्हा तो डबीतून बाहेरसुद्धा काढलेला नव्हता. "लागला नाही," म्हणाले. "हाताला कळतं."

तरी एका गोष्टीत हा माणूस कमालीचा शिस्तीचा होता. काढलेला मूळ भाग तो कधी टाकत नसे. रॉकेलने धुवायचा, पुसायचा, परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिकेत गुंडाळायचा, दोऱ्याने बांधायचा आणि वर चिठ्ठी डकवायची. सुंदर, वळणदार, तक्त्यावरच्या अक्षरात तीन ओळी : काय काढले, कधी काढले, का काढले. मग ते पुडकं बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात. असे नऊ डबे होते. एकदा ते नसताना मी चिठ्ठ्या वाचल्या. मूळ कार्बोरेटर : "कंपनीचा भित्रेपणा." मूळ हँडल : "कंपनीचा भित्रेपणा." मूळ आरसे : "मागे बघण्याची गरज नाही." पेपर तपासताना एकाच मुलाला ओळीने नापास करत जावं तसं त्यांनी त्या कंपनीला नऊ डबे भरून नापास केलं होतं.

कार्बोरेटर घ्यायला गेले तेव्हा मी बरोबर होते. म्हणजे ते माझ्याबरोबर होते. गाडी उघडून पडली होती, त्यामुळे अफझलगंजला ते माझ्या स्कूटरवर मागे बसून आले. ही गोष्ट ते कुठे सांगत नसत. तिथे सुट्या भागांचं करीमभाईंचं दुकान. सरांना बघूनच करीमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"आओ साब. पुराना फट गया क्या?"

"नही, अच्छा है."

"अच्छा है तो काइकू बदल रै?"

"कंपनी डरपोक होती है, करीमभाई."

करीमभाई माझ्याकडे वळले. "आपा, इनो इस्कूल में भी ऐसाइच पढाते थे क्या?"

"मैं उनकी स्टुडंट नही थी," मी म्हटलं.

"अल्ला का शुकर है," म्हणाले आणि कार्बोरेटर काढून दिला. नव्या कार्बोरेटरने गाडी दुप्पट पेट्रोल प्यायला लागली आणि थंडीत सुरू होईनाशी झाली. सर त्याला "तिला आता श्वास घेता येतो" असं म्हणत.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. उंचीचं तसं नव्हतं.

आठेक वर्षांपूर्वी सरांनी मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला. परदेशातला एक माणूस तसल्याच गाडीचा मागचा शॉकअप काढून दुसऱ्या मोठ्या गाडीचा लांब शॉकअप बसवतो, पुढचा फोर्क उंच करतो आणि दगडाधोंड्यांवरून उडत जातो. तो माणूस सहा फूट दोन इंच असणार हे मला पहिल्याच मिनिटात दिसलं. सरांनी माणूस पाहिलाच नाही, फक्त शॉकअप पाहिला. महिनाभरात तो त्यांच्या गाडीला लागला. गाडी साडेतीन इंचांनी उंच झाली. आधी सरांचे चवडे जमिनीला टेकत. आता काहीच टेकेना.

"सर, थांबणार कसे?" मी विचारलं.

"ही गाडी थांबण्यासाठी नाही, जोशीबाई."

"सिग्नलला सांगून ठेवलंय का तसं?"

ते पार्किंगच्या कठड्यावर चढले, तिथून गाडीवर बसले आणि निघून गेले. वॉचमन यादगिरी माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मेडम, सर वापस आके उतरते कैसे?" कठड्याला लावूनच उतरले. आणि तिथून पुढे सात वर्षं सर फक्त कठड्यांवर थांबले.

हे खोटं वाटेल, पण त्यांनी वहीत नकाशा काढला होता. भूगोलाच्या शिक्षकाचा नकाशा, प्रमाण आणि दिशादर्शक बाणासकट. त्यात रस्त्यांची नावं बारीक आणि फूटपाथ ठळक. कोठीला जाताना अमुक वळणावर डाव्या हाताचा फूटपाथ पुरेसा उंच. आबिड्सला टपालघराजवळ उजवीकडे दुभाजक, पण एका ठिकाणी तुटका, तिथे थांबू नये. अफझलगंजच्या वाचनालयासमोर दगड. जिथे टेकायला काहीच नाही त्या चौकांवर लाल फुली. लाल फुलीचे चौक टाळून जायचं, म्हणजे दोन किलोमीटरच्या भाजीला पाच किलोमीटर. वाटेल त्या रस्त्याने जाणारी गाडी घेऊन हा माणूस अख्ख्या शहरात मोजून चार रस्त्यांनी जात होता, आणि त्याला याच गाडीचा अभिमान होता.

लाल फुली नेहमी टाळता येत नाही. कोठीत एकदा मिरवणुकीमुळे रस्ता वळवला होता आणि मागे वहिनी बसल्या होत्या, मांडीवर फुलकोबीची पिशवी. सिग्नल लागला. सर मधल्या रांगेत होते. वहिनींनी मला नंतर सांगितलं, "अगं, पडलो म्हणावं तर धडकलो न्हाई की घसरलो न्हाई. उभ्या उभ्या कललो. हे म्हणले, सुमन, घाबरू नको. तंवर मी खाली." मनगट दोन ठिकाणी मोडलं. वाहतूक पोलिसाने गाडी उभी करून दिली आणि सरांकडे वरून खाली बघत म्हणाला, "अंकल, स्टूल साथ में रखो."

प्लॅस्टरवाल्या हाताने वहिनी चहा गाळत होत्या तेव्हा मी सरांना विचारलं, "आता तरी मूळ शॉकअप लावणार ना?"

"रस्त्याला उतार होता."

"कोठीच्या चौकात?"

"तुम्हाला दिसला नसेल. फार सूक्ष्म उतार आहे."

 वहिनी गाडीवर परत बसल्या नाहीत. सर त्याला वहिनींचा भित्रेपणा म्हणाले नाहीत, एवढं मान्य करते.

पुढच्या वर्षी चेन तुटली. गाडी एवढी उंच केली की चेनला किती ढील ठेवायची याचं गणित बदलतं. माणूस वर बसला की गाडीचा मागचा भाग खाली दबतो आणि चेन आपोआप ताणते. मी सांगितलं, "कुणाला तरी वर बसवून ढील मोजा." सरांनी गाडी विटांवर ठेवून, चाक लोंबकळत असताना चेन तबल्याच्या वादीसारखी आवळली. उदगीरला निघाले. झहीराबादच्या अलीकडे ती तुटली. सर आणि गाडी उसाच्या ट्रॉलीत बसून झहीराबादपर्यंत आले. घरी येऊन दोन तास मला चेन बनवणाऱ्यांच्या भित्रेपणावर ऐकावं लागलं. मी तुटलेली चेन हातात घेतली. कोरडी, गंजकी, कड्यांमध्ये वाळू. "ही शेवटची धुतली केव्हा?" मी विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही मुद्द्यावर या." मी मुद्द्यावरच होते.

मग गेल्या मार्चमध्ये गाडीला पंधरा वर्षं होत आली. पंधरा वर्षं झाली की गाडी तपासून घ्यावी लागते. पास झाली तर नोंदणी पाच वर्षं वाढते, नाही तर भंगार. कागद हातात घेऊन सर जिना चढून माझ्याकडे आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बसले नाहीत.

"मूळ स्थितीत पाहिजे म्हणतात," ते म्हणाले.

"मग आहे की नऊ डबे भरून."

तीन रविवार आम्ही पार्किंगमध्ये बसलो. एक एक पुडकं सोडलं. मूळ हँडल, मूळ सायलेन्सर, मूळ दिवे, मागे न बघण्याचे आरसे. कार्बोरेटर परत बसवला आणि गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली, आवाज कसा तर नुसता गुर्र, एका लयीत. यादगिरी सुद्धा म्हणाला, "सर, अब अच्छा है ना?" सरांनी पुढचं पुडकं सोडायला घेतलं. तिसऱ्या रविवारी नववा डबा उरला. त्यात मूळ शॉकअप.

"तो राहू द्या," सर म्हणाले.

"का?"

"उंची कागदावर कुठे लिहिली आहे?"

"तुमच्या वहिनींच्या, म्हणजे माझ्या वहिनींच्या हातावर लिहिलीये," मी म्हटलं. घाईत जीभ अडखळली, पण अर्थ पोचला. ते उठून घरात गेले.

तपासणीला वहिनींनी मला आणि यादगिरीला बरोबर पाठवलं. मोकळं डांबरी मैदान, पांढरे पट्टे. तपासणी करणारे साहेब तरुण होते आणि सभ्य होते. दिवे, हॉर्न, ब्रेक, धूर, सगळं बघून मान हलवली. मग म्हणाले, एक चक्कर मारा आणि त्या पट्ट्यावर थांबा. सर यादगिरीने आणलेल्या स्टुलावरून गाडीवर बसले होते, हे साहेबांनी पाहिलं होतं की नाही कोण जाणे. सर निघाले. ऐटीत एक चक्कर पूर्ण केली, पट्ट्यापाशी आले, वेग कमी केला, आणि थांबले नाहीत. दुसरी चक्कर. साहेब म्हणाले, "आपंडी." तेलुगूत थांबा. सरांना तेलुगू उत्तम येत होतं. तिसरी चक्कर. "सार, आपंडी!" रांगेतले रिक्षावाले जवळ येऊन उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, "बुढ्ढे का ब्रेक फेल है." दुसरा म्हणाला, "नै रे, ब्रेक सई है. पाँव नै है." चौथ्या चकरेला मी सरांचं तोंड पाहिलं. त्या मैदानात कुठेही कठडा नव्हता. दगड नव्हता. ते सबंध मैदान एक लाल फुली होतं. पाचव्या चकरेला ते फाटकातून सरळ बाहेर गेले आणि रस्त्याच्या फूटपाथला जाऊन टेकले.

साहेब माझ्याकडे आले. "मेडम, गाडी ठीक है," ते म्हणाले. "आदमी नै रुक रा. कंपनी ने जैसी दी वैसी करके लाओ. पंद्रा दिन देता हूँ."

पंधरातले दहा दिवस सर पार्किंगमध्ये आले नाहीत. अकराव्या दिवशी भंगारवाला येऊन गाडी बघून गेला. त्यांनीच बोलावला होता. वहिनी माझ्याकडे आल्या. "गाडी भंगारात घालतो म्हणतेत," त्या म्हणाल्या. "पर ते शॉकअप काढणार न्हाईत. मीना, पंधरा वर्षं झाली. दुसरं काय हाय त्या माणसाला? तू बोल."

मी गेले. समजूत वगैरे मला काढता येत नाही. सर नकाशाच्या वहीसमोर बसले होते. मी म्हटलं, "सर, चौतीस वर्षं तुम्ही पोरांना डोंगरांची उंची पाठ करायला लावलीत. एक इंच चुकलं तर गुण कापलेत. आता स्वतःची उंची सांगायची वेळ आली तर गाडी भंगारात घालताय. कंपनी घाबरट म्हणे!"

त्यांनी दार माझ्या तोंडावर लावलं. अगदी हळू, पण लावलं.

रविवारी सकाळी सातला खाली पाना पडल्याचा आवाज आला. मी उतरले. सर तपकिरी कोट घालून स्टुलावर बसले होते, नववा डबा उघडा होता.  शॉकअपचे बोल्ट काढताना हात बघितला त्यांचा. हात चांगला होता. पंधरा वर्षं उगीच गेली नव्हती. मागच्या सांध्याचे बेअरिंग बाहेर काढले तर आत ग्रीसचा ठिपका नाही, नुसती लाल पूड.

"यात ग्रीस कधी भरलं होतं?"

"राहून गेलं," ते म्हणाले. चौतीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

बेअरिंग धुतले, ग्रीस भरलं, मूळ शॉकअप बसवला, फोर्क खाली घेतला. माझ्या मापाच्या पान्याने नट आवळले, त्यांनी स्वतः, टक असा आवाज येईपर्यंत. तरी चवडेच टेकत होते, म्हणून मी सीट उघडून आतला फोम सुरीने इंचभर तासला. मग सरांनी तो लांब शॉकअप धुतला, पुसला, उत्तरपत्रिकेत गुंडाळला आणि चिठ्ठी लिहायला बसले. काय काढले : मागचा शॉकअप, लांब. कधी काढले : तारीख. का काढले. इथे पेन थांबलं. यादगिरी झाडू मारता मारता थांबला. सरांनी लिहिलं, "मालक बुटका." आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

"वाचलंत?"

"वाचलं."

"शुद्धलेखन बरोबर आहे ना?"

"आहे."

"मग दोरा द्या."

गाडी पास झाली. पट्ट्यावर थांबले. पुढचे सहा महिने गाडी त्यांनी रोज काढली, आणि दर दुसऱ्या रविवारी चेन धुतली. माझ्याशी बोलणं मात्र पूर्वीसारखं राहिलं नाही. मी त्यांना नापास होताना पाहिलं होतं, आणि शिक्षकांना तेवढं पुरतं.

शेवटचं पाहिलं ते ऑक्टोबरमध्ये, संध्याकाळी, कोठीच्या चौकात. मी कामावरून येत होते. सिग्नल लाल. माझ्यापुढे तीन गाड्या सोडून, मधल्या रांगेत, सर. डावीकडे बस, उजवीकडे रिक्षा, आजूबाजूला टेकायला काही नाही. त्यांचे दोन्ही पाय टाचेसकट रस्त्यावर होते. हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवलेले. आणि मान वर करून ते चौक बघत होते. पुस्तकांची दुकानं, दवाखान्यांच्या पाट्या, वरच्या मजल्यावरचे कपडे. चाळीस वर्षं या शहरात राहिलेला माणूस गावाहून आजच आल्यासारखा एक एक पाटी वाचत होता. नकाशात या चौकावर त्यांनी लाल फुली मारली होती.

सिग्नल हिरवा झाला. सर हलले नाहीत. बस सुटली, रिक्षा सुटली. रिक्षावाला ओरडून गेला, "चचा, सो गए क्या!" मागून हॉर्न सुरू झाले. हॉर्न वाजवणाऱ्यांत मी होते. जोरात वाजवला. मला घरी जाऊन कुकर लावायचा होता. त्यांनी आरशात बघितलं, घाई न करता गिअर टाकला आणि गेले. मी दिसले की नाही माहीत नाही. तीन आठवड्यांनी ते वारले.

चेन धुवून झाली. तेल भरलं. बॅटरी लावली. उंचीचं सामान खालच्या फडताळात तसंच होतं, लांब शॉकअपचं पुडकं आणि फोर्क उंच करायला घातलेले तुकडे.

आमच्या कारखान्यात नापास माल तसाच कोपऱ्यात ठेवत नाहीत. ठेवला की कुणीतरी पुसून, रंग मारून परत चालू मालात घालतो आणि मग ते पुढच्याच्या अंगावर येतं. म्हणून नापास म्हटलं की त्याच दिवशी तोडायचं, आणि तोडताना तपासणाऱ्याने समोर उभं राहायचं.

सोमवारी सकाळी सातला मी पुडकं आणि तुकडे स्कूटरवर पायाशी ठेवून भंगारवाल्याकडे गेले. त्याने कागद सोडून बघितलं. "मेडम, ये तो एकदम चालू है. बेच दो, काइकू तोड रै?" मी म्हटलं, "तोडो." त्याने कटर लावला. शॉकअपचे गाडीला बसणारे वरचे-खालचे दोन्ही कान माझ्यासमोर उडवले, फोर्कच्या तुकड्यांचे दोन-दोन तुकडे केले. ठिणग्या संपेपर्यंत उभी राहिले. मग घरी येऊन गाडीची किल्ली वहिनींच्या हातात दिली, म्हटलं, "सामान नाही म्हणावं त्याला. फक्त चेन धुवत जा म्हणावं." आणि पुतण्या यायच्या आधी कामावर गेले.